साहेबांच्या केबिनमधला सर्व्हर

आमच्या साहेबांनी सर्व्हर स्वतःच्या केबिनमध्ये ठेवून घेतला. सर्व्हरला एसी लागतो, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं, आणि सर्व्हर केबिनमध्ये आला की एसीही केबिनमध्ये येणार, एवढं गणित त्यांना जमत होतं. बाकी कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध माऊसखालच्या पॅडवर चहाचा कप ठेवण्यापुरता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. डोंबिवलीच्या एमआयडीसीत, कापडाचे रंग बनवणाऱ्या कंपनीत, मी कॉम्प्युटर सांभाळायला होते. घर ठाकुर्लीला, त्यामुळे जाणं-येणं सोपं होतं. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर त्या एका सर्व्हरला जोडलेले. तो बंद पडला की सगळ्यांचे पडदे गोठायचे, डिस्पॅचचं चलन छापलं जायचं नाही आणि चलनाशिवाय ट्रक गेटबाहेर पडायचा नाही.

आणि तो बंद पडायला लागला. रोज नाही, पण आठवड्यातून एकदोनदा तरी, जेवणाच्या सुट्टीनंतर. गेटवर ड्रायव्हर हॉर्न वाजवत बसायचे. केबिनचं दार त्या वेळी बंद असायचं आणि ते वाजवायची कोणाची टाप नव्हती. थोड्या वेळाने साहेब बाहेर यायचे आणि मला म्हणायचे, "तुमचा सर्व्हर परत गेला हो!" चालू असला की तो कंपनीचा, बंद पडला की माझा.

पहिल्यांदा दोष विजेवर गेला. वीज गेली असती तर डोक्यावरची ट्यूब आणि पंखा काय हवेवर चालत होते? मी तसं म्हटलं, तर साहेब म्हणाले, "व्होल्टेज दिसत नसतं, मॅडम." मग त्यांनी ठाण्याहून एक टाय लावलेला इंजिनिअर बोलावला. त्याने सर्व्हरभोवती प्रदक्षिणा घातली आणि मोठा यूपीएस घ्या म्हणाला, कारण तो यूपीएसच विकायचा. साहेबांनी मान अशी डोलावली, की जणू हे निदान त्यांनीच केलं होतं.

तरी बंद पडणं थांबेना. मग साहेबांना दोष द्यायला माणूस हवा होता. डिस्पॅचला कोपरीच्या एक कोळीण ताई होत्या. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, आवाज खणखणीत, आणि साहेबांना 'हो हो' करायची सवय नाही. सह्यांचे कागद ठेवायला त्या केबिनमध्ये जायच्या. साहेबांनी जाहीर केलं की ताईंचा पाय वायरीत अडकतो.

"मी कशाला अडकू? मी त्या डब्याच्या जवळ पन जात नाय," ताई म्हणाल्या.

"उलट उत्तरं नकोत," साहेब म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ताई मागच्या गोडाऊनमध्ये ड्रमवर लेबलं चिकटवत होत्या. तिथं रंगाची भुकटी इतकी उडायची, की संध्याकाळी घरी जाताना त्यांच्या पदराला निळी झाक असायची.  आधी डबा खायला माझ्याशेजारी बसायच्या, त्या आता एकट्याच बसायला लागल्या. ते मला लागलं.

मी तोवर सर्व्हर पुन्हा चालू करून देण्यातच गुंतले होते. आता मात्र ठरवलं, याचा छडा लावायचा. असा सर्व्हर स्वतःच्या चालू-बंदची नोंद ठेवतो. वीज गेली किंवा वायर निघाली, तर बिचाऱ्याला काही लिहायला सवड मिळत नाही, तो मधेच तुटतो. कोणी पद्धतशीर बंद केला, तर जाता जाता 'आता थांबतो' असं लिहून जातो. पुढच्या वेळी तो बंद पडला तेव्हा मी चालू करून आधी त्या नोंदी उघडल्या. प्रत्येक दुपारी तो व्यवस्थित निरोप घेऊन गेला होता. म्हणजे कोणीतरी समोर बसून, मुख्य पासवर्ड टाकून, त्याला बंद करत होतं.

तो पासवर्ड दोघांकडेच होता. एक मी. आणि दुसरे साहेब, कारण "चावी तुमच्याकडे आणि माझ्याकडे नाही, हे बरं दिसत नाही," असं म्हणून त्यांनी तो मागून घेतला होता आणि सर्व्हर बंद कसा करायचा तेही माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं होतं.

कोण ते कळलं, पण का ते कळेना. मग एका दुपारी पडदे गोठले तशी मी उठले आणि केबिनचं दार न वाजवताच आत गेले. आत थंडगार, शांत. सर्व्हरचा पंखा बंद. साहेब खुर्ची मागे कलती करून, स्टुलावर पाय टाकून, डोळ्यांवर हातरुमाल घेऊन झोपलेले. बूट टेबलाखाली.

"सर," मी म्हटलं.

रुमाल खाली पडला. "दार वाजवायची पद्धत आहे ना?"

"सर, सर्व्हर तुम्ही बंद केलात?"

 ते अगदी तक्रारीच्या सुरात म्हणाले, "अहो, फार घरघर करतो तो. जरा डोळा लागू देत नाही."

मला वाटलं होतं, चोरी सापडली की माणूस निदान ओशाळतो. हे ओशाळायच्याही लायकीचे निघाले नाहीत.

"आणि गोडाऊनमधल्या ताई?"

"तो वेगळा विषय आहे. त्यांना शिस्तीची गरज होतीच."

मी तशीच वरच्या मजल्यावर मालकांकडे गेले आणि सगळं सांगितलं. नोंदी बघायला खाली चला म्हटलं, तर म्हणाले, राहू दे. ते आधी हसले. इतके हसले की मला त्यांचाही राग आला. मग म्हणाले, "मशीन दुसऱ्या खोलीत हलवा. साहेबांना मी बोलतो." काय बोलले देव जाणे. साहेबांची खुर्ची गेली नाही, एसीसुद्धा गेला नाही. सर्व्हरसाठी जिन्याशेजारच्या खोलीत दुसरा बसवला.

ताईंना मात्र मी सगळं सांगितलं, आणि त्यांना परत आणायला मालकांकडे हटून बसले. साहेबांनी त्यांना सगळ्यांसमोर बोलावलं आणि छताकडे बघत म्हणाले, "जरा गैरसमज झाला होता."

"गैरसमज नाय झाला," ताई म्हणाल्या. "तुमची झोप झाली."

कोणी हसलं नाही, सगळ्यांनी माना खाली घातल्या. ताई आपल्या जागेवर जाऊन बसल्या आणि त्यांनी खोळंबलेलं चलन छापायला घेतलं.

त्या वर्षी दिवाळीच्या कार्यक्रमात साहेबांनी भाषण केलं. सखोल तांत्रिक अभ्यासाअंती आपण सर्व्हरसाठी स्वतंत्र खोली केली, असं म्हणाले. टाळ्याही पडल्या. मी आणि ताई मागच्या रांगेत चिवडा खात बसलो होतो. आम्ही खातच राहिलो.