खुडूक कोंबडीची भूक

२०२२ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंत, तीही धड नाही. तरी कोणाकडून काही शिकायची वेळ आपल्यावर यावी, हे मला मान्य नव्हतं.

त्याच्या आदल्या वर्षी बायको गेली. मागे तिच्या सहा कोंबड्या आणि एक कोंबडा राहिला. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेली तेव्हा टोपलीत घालून आणलेल्या दोन कोंबड्यांची ही वीण. डोंबिवलीला खेटून आमचं खाडीकाठचं गाव. चारी बाजूंनी टॉवर आले, आमच्या शेताचेही झाले, पण अंगणातलं खुराडं तिने हलवू दिलं नाही. आमच्यात कोंबड्या बायकांच्या. पुरुष खुराड्यात हात घालत नाही. मी जन्मात घातलेला नव्हता. पण ती गेल्यावर सून म्हणाली, मी बघते, तर मीच आडवा आलो. माझ्या बायकोच्या कोंबड्या मी बघेन.

मग एका कुत्र्याने कोंबडा नेला. त्याच आठवड्यात ठिपक्यांची कोंबडी खुडूक झाली. उबवायला बसली ती उठेना. माझी नात जनावरांच्या डॉक्टरकीला आहे, होस्टेलवर राहते, शनिवारी घरी येते. तिने रविवारी नऊ अंडी त्या कोंबडीखाली ठेवली आणि म्हणाली, "आबा, कोंबडा गेला. आजीच्या कोंबड्यांची ही शेवटची पिल्लं. एकवीस दिवस हिला हलवायचं नाही."

मी मान हलवली. पण कोंबडी खाईना. दिवसातून एकदा उतरायची, चार दाणे टिपायची, पाणी प्यायची की परत अंड्यांवर. तुरा फिका पडला, छातीचं हाड हाताला लागायला लागलं. लहानपणी मी मिठागरावर उपाशीपोटी टोपल्या वाहिल्या आहेत. माझ्या दारात कोणी उपाशी असलं की मला सहन होत नाही.

दुसऱ्या शनिवारी नातीला म्हटलं, "ही मरायला टेकलीय."

"नाही आबा. तिच्या मेंदूखालच्या ग्रंथीतून एक संप्रेरक सुटतं, प्रोलॅक्टिन. तेच तिला बसवून ठेवतं आणि तेच भूकही कमी करतं. आपण उपास करतो तेव्हा भूक मारतो. हिला ती तेवढी लागतच नाही."

"भूक पोटात असते. डोक्यात नाय."

"डोक्यातच असते. पोट नुसतं निरोप पाठवतं."

"चार बुकं वाचून मला भूक शिकवतेस?"

ती हसली आणि कोंबडीला पाणी ठेवून गेली.

बुधवारी शेजारचा अंगणात आला. माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच कोंबडीला फक्त ताटात ओळखणारा. वाकून बघितलं आणि म्हणाला, "काय रं दादूस, वहिनी गेली न् तिच्या कोंबऱ्या उपाशी मारतंस? बुडव पाण्यान. खुडूक उतरंल, खायला लागंल."

हे मला लागलं. मी कोंबडीला उचललं. ती चोच मारत होती. आधी चोच उघडून भाताचे गोळे आत सारले, तिने ओकून टाकले. मग मोरीतल्या टबात मानेपर्यंत बुडवली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. ओल्या गोणपाटावर ठेवून वर डालगं झाकलं, गोणपाट वाळलं की पुन्हा भिजवलं. अंडी? ती राहतील दोन दिवस, मी म्हटलं. इतकंच कळत होतं मला.

पहिला दिवस ती ओरडत राहिली. शुक्रवारी दुपारी तिने एक कणी टिपली. मग दुसरी. शनिवारी सकाळी सुकट टाकली तर तुटून पडली. मी जिंकलो! नात येण्याची वाट बघत फाटकात उभा राहिलो.

"बघ तुझी ती उपासवाली. कशी खातेय!"

तिने कोंबडीकडे बघितलं आणि तशीच खुराड्याकडे गेली. अंड्यांना हात लावला. एकेक उचलून कानाशी धरलं, एकातही चिवचिव नव्हती. मग एक हळूच फोडलं. आत पूर्ण पिल्लू होतं, पिसांसकट, मान पंखाखाली घातलेलं, गार पडलेलं.

"कोणी उठवलं हिला?"

"आपणच उठली," मी म्हणालो.

तिने फोडलेलं अंडं डालग्याजवळच्या गोणपाटावर ठेवलं. मग कोंबडीकडे बघून म्हणाली, "अंड्यांवरून उतरली की ते संप्रेरक पण उतरतं, आबा. भूक परत आली म्हणजे पिल्लं तिच्या डोक्यातून गेली."

म्हणजे ज्या खाण्याचा मी फाटकात उभा राहून तोरा मिरवत होतो, ते खाणं हेच होतं.

मला आमचा मुलगा टायफॉइडने आजारी पडलेला आठवला. त्याच्या उशाशी बायको दिवसचे दिवस बसलेली, घास उतरत नव्हता तिला. मी ताट तिच्यापुढे आपटलं होतं. "नखरे बंद कर," म्हणालो होतो. ती रडत रडत जेवली होती. तेव्हाही मला जिंकल्यासारखंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार, एकविसावा दिवस. सकाळी उठून मी अंडी शेवग्याखाली पुरली. नात पायरीवर चहा घेत बसली होती. तिच्याकडे न बघताच बोललो, "ती आपण नाय उठली. मी उठवली. पाण्यात बुडवली."

"माहितीये. गोणपाट ओलंच होतं."

"मग काल बोलली का नाय?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलेले."

मी खुराड्याचं दार उघडलं आणि कणी टाकली. ठिपक्यांची सगळ्यांच्या पुढे धावत आली आणि पोटभर खाल्लं तिने.