न आलेली चक्कर

दौंडच्या एसटी स्टँडवर, भर दुपारी, चार माणसांत मी एकदा न आलेली चक्कर आणली. हा मूर्खपणा केला तेव्हा मी लहान होते, सदुसष्ट वर्षांची. आता सत्तरी गाठली, थोडी समज आली, म्हणून सांगते.

त्या बाईनं, म्हणजे मीच, काय काय केलं म्हणून विचारा. आधी डोळे मिटले. मग पदर तोंडाला लावला. मग बाकावर कलंडून "पाणी" म्हणाली, तेही अशा आवाजात, की ऐकणाऱ्यानं पुढच्या तयारीलाच लागावं. शेजारी बसलेल्या एका बाईनं पिशवीतला कांदा फोडून नाकाशी धरला. मी तोही हुंगला. डोळ्यांतून पाणी आलं ते कांद्यानं, पण तेही माझ्या सोंगाच्या कामी आलं. आणि जिच्या मांडीवर माझं डोकं होतं, जी वहीच्या पुठ्ठ्यानं मला वारा घालत होती, तिलाच फसवायला हे सगळं चाललं होतं. ती माझी नात.

आमचं घर घोडनदीच्या काठाला, शिरूर तालुक्यात. एके काळी आम्ही मेंढरं घेऊन फिरणारी माणसं. दिवाळी झाली की कोकणात उतरायचं, पावसाच्या तोंडावर वर यायचं. आता ऊस आहे, कांदा आहे, मुलगा कंपनीत जातो. कळप कधीच मोडला. उरली होती सात मेंढरं, आणि ती नातीची. आमच्या घरात मुलीच्या बारशाला एक कोकरी तिच्या नावानं सोडायची रीत आहे. त्या कोकरीची पुढं जी वीण होईल ती सगळी त्या मुलीची. विकायची का ठेवायची, तिनं ठरवायचं. सांभाळायची मात्र आजीनं. म्हणजे शेणलेंड्या माझ्या आणि मालकी तिची. मी हे येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत सांगायची, पण मनातून मेंढरं माझीच होती. तेवढं मात्र कधी कोणाला सांगितलं नाही.

नात तेव्हा अकरावीला होती. दौंडला आत्याकडं राहून शिकायची, शनिवारी घरी यायची. अशाच एका शनिवारी जेवणं झाल्यावर तिनं वही उघडली आणि म्हणाली, मला व्हीआर घ्यायचाय. तिच्या कॉलेजजवळ एका मोबाईलच्या दुकानानं वरच्या खोलीत गेमिंग सुरू केलं होतं. तिथं ती मैत्रिणींबरोबर एकदा खेळून आली होती. डोळ्यांवर बांधायचा डबा आणि दोन्ही हातांत धरायला दोन मुठी; डबा बांधला की माणूस दुसऱ्याच मुलखात. त्यातला सगळ्यात साधा, नवशिक्यांचा, तिला हवा होता. त्याहून स्वस्त मिळतो तो नुसता पुठ्ठ्याचा, त्यात मोबाईल घालावा लागतो, तो नको, असं तिनं वहीत लिहूनच ठेवलं होतं. चार्जिंग किती टिकतं, चष्म्यावर बसतो का, मोबाईलच्या नेटवर चालतो का, सगळं तिनं चौकशी करून आणलं होतं. खेळायला सहा पावलं लांब आणि सहा पावलं रुंद मोकळी जागा लागते म्हणून तिनं आमची पडवी पावलांनी मोजली आणि माझी बाज कुठं सरकवायची तेही ठरवलं.

मुलानं विचारलं, अभ्यासाला काही उपयोग आहे का त्याचा. ती म्हणाली, "न्हाई पप्पा. खेळायलाच पायजे."

दुसरं कोणतंही पोर असतं तर अभ्यासाचं नाव पुढं केलं असतं. माझ्या घरात खोटं न बोलणारं एक माणूस तयार होत होतं, आणि मी काय करत होते, तर मनात मेंढरं मोजत होते. डब्यासाठी तीन तरी जाणार. तीन गेली की उरतात चार, आणि चार मेंढरांना कळप म्हणत नाहीत. सातांनाही कुठं म्हणतात, पण मी म्हणत होते.

मुलगा म्हणाला, मेंढरं तुझी, तू ठरव. तर पोरगी माझ्याकडं बोट करून म्हणाली, "आज्जी पारख करंल. ती व्हय म्हणली तर घ्यायचा, न्हाई म्हणली तर न्हाई. ती काय खोटं सांगती का?"

आता पारखीचं सांगितलं पाहिजे. माझे वडील बाजारात नावाजलेले पारखी. जनावर घेणारा माणूस त्यांना बरोबर न्यायचा. ते दात बघायचे, खूर बघायचे, पाठीवरून हात फिरवायचे आणि एकच शब्द बोलायचे: घे, किंवा सोड. त्यावर कोणी वाद घालत नसे. पण त्यांचा एक नेम होता. ज्यात आपला जीव अडकलाय त्याची पारख करायची नाही. बाजारात आपल्या भावकीचं जनावर विकायला असलं, तर ते आधीच सांगून टाकायचे, बाबा, आज मला नको नेऊ, आज माझा शब्द सरळ पडणार नाही. हे मी लहानपणी त्यांच्या मागं उभी राहून शंभरदा ऐकलंय. त्या रात्री मला एवढंच म्हणायचं होतं: पोरी, मला नको नेऊ. पण मी पदर खोचला आणि म्हणाले, बघते की. दात बघितल्याशिवाय जनावर घेतात व्हय.

सोंगाची सवय मला तशी जुनीच. लहानपणी कोकणच्या वाटेवर पाय दुखतोय म्हणून लंगडून दाखवायची आणि घोड्यावर, भांड्याकुंड्यांच्या आणि कोंबड्यांच्या मध्ये जाऊन बसायची. घाट संपला की पाय बरा. कोंबड्यासुद्धा माझ्याकडं संशयानं बघायच्या. एकदा मात्र सोंग करताना कोणता पाय ते विसरले आणि दुसऱ्याच पायानं लंगडले. वडील काही बोलले नाहीत. नुसते घोड्याची दोरी धरून पुढं चालत राहिले. हे आज आठवलं तरी कानशिलं गरम होतात.

ठरल्याप्रमाणे मंगळवारी मी शिरूरहून एसटीनं दौंडला गेले. नातीचे तास होते, म्हणून दुकानात मी एकटीच जाणार आणि नंतर ती मला स्टँडवर भेटणार, असं ठरलं. जाताना मनात पक्कं होतं: नाही म्हणायचं. आता याला पारख म्हणतात का, तुम्हीच सांगा.

दुकानदार तरुण होता, बोलायला गोड. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला, आणि नऊवारीतली बाई डबा बघायला आलीय म्हटल्यावर हसू आवरून म्हणाला, "आज्जी, घाबरायचं न्हाई. काय वाटलं तर डोळं मिटा." मी म्हणाले, मिटायचेच होते तर घरी बसले असते.

पहिला खेळ रंगीत ठोकळ्यांचा. समोरून ठोकळे अंगावर येतात आणि आपण हातातल्या काठीनं ते फोडायचे. जन्मभर काठी वागवलेल्या बाईला असला खेळ देतात होय? एक ठोकळा सोडला नाही. कासोटा आवळला, पदर कमरेला बांधला, आणि तोंडानं कोल्ह्याकुत्र्यांना देतात त्या शिव्या देत फोडत सुटले. दुकानदारानं टेबल मागं ओढल्याचा आवाज आला. मग त्यानं दुसरं काही लावलं, आणि मी एका माळावर उभी.

कसा सांगू तो माळ. गुडघ्याएवढं गवत, नजर पोचेल तिथवर. मान वळवली तर मागंही गवतच. लांब डोंगर, वर ढग, गवतावरनं वारा सरकताना दिसतोय पण अंगाला लागत नाही. आम्ही अख्खा उन्हाळा असल्या गवताची वाट बघत पायाची कातडी सोलून घेतलेली माणसं. एवढं गवत बघून माझ्या तोंडून शीळ गेली. बाईनं शीळ घालू नये म्हणून लग्नानंतर सासूनं सोडायला लावलेली शीळ, पण मेंढरांच्या मागं कोणी नसताना मी घालायचीच. शीळ घातली आणि सवयीनं मागं वळून बघितलं. मागं कोणी नव्हतं. पुन्हा घातली, हाळी दिली, "या गं, या." गवत हललं, एवढंच. तरी मला तिथून निघवेना. दुकानदारानं दोनदा विचारलं, काढू का, आणि मी दोनदा म्हणाले, राहू दे अजून जरा.

डबा काढला तेव्हा मला लख्ख कळलं होतं की वस्तू चांगली आहे. दातानं, खुरानं, सगळ्यानं. पोरीची पारख बरोबर होती. आणि स्टँडपर्यंत चालत जाताना मी काय ठरवलं, तर नुसतं नाही म्हटलं तर ती गप्प बसणार नाही, का म्हणून विचारील. म्हणून चक्कर.

लांबून ती येताना दिसली, आणि मी बाकावर कलंडले.

ती घाबरली. पळत जाऊन लिंबू-सरबत घेऊन आली, तिच्या बसच्या पासाबरोबर ठेवलेल्या सुट्ट्या पैशांतून. माझ्या चपला काढून तळपाय चोळले. मी अर्धवट डोळे उघडून सांगितलं, बाळा, लई वाईट वस्तू हाय ती, डोळ्यांपुढं अंधारी आली, मेंदू फिरला माझा. ती एवढंच म्हणाली, नको मग आपल्याला. आणि माझ्या देखत तिनं मोबाईलमधले त्या डब्याचे फोटो एकेक करून पुसून टाकले. किती होते ते मला मोजायची हिंमत झाली नाही. सरबत मात्र मी सगळं प्याले. गोड होतं.

पुढच्या शनिवारी ती आली तेव्हा डब्याचं नावही काढलं नाही. माझी बाज जिथं होती तिथंच. त्याच्या पुढच्या शनिवारी मी चुलीपुढं बसले होते, तर मागं येऊन उभी राहिली आणि विचारलं, "आज्जी, अजून येती का गं चक्कर?"

साधा प्रश्न. मी म्हणाले, येते की अधूनमधून. त्या दुकानातनं आल्यापासनं.

ती बरं म्हणाली आणि बाहेर गेली. खरं बोलायला ती मला दार उघडून देत होती, हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी.

आम्ही दोघी गोठ्यापुढं बसून मेंढरांच्या लोकरीतली कुसळं काढत होतो. ती माझ्या पुढ्यात, मध्ये फाटक्या कानाची थोरली मेंढी, बाकीची सहा लिंबाखाली. तिनं मोबाईल काढून मांडीवर ठेवला आणि काहीतरी लावलं. आधी हसणं ऐकू आलं, दुकानदाराचं. मग शीळ.

लिंबाखालच्या सहाही मेंढरांनी माना वर केल्या. फाटक्या कानाची तर सरळ त्या मोबाईलला तोंड लावायला गेली. मग सगळी एकेक करत आली आणि आमच्याभोवती उभी राहिली. त्यांची बाई कुठं आहे ते बघत. त्यांची बाई तिथंच बसली होती, मान खाली घालून. मोबाईलमधली दुसरी, कासोटा आवळलेली, डोळ्यांवर डबा बांधलेली, हसत हसत म्हणत होती, राहू दे अजून जरा.

त्या दुकानदारानं माझा व्हिडिओ काढून दुकानाच्या पानावर टाकला होता. वाईट हेतूनं नव्हे. आज्जी भारी खेळल्या म्हणून. कॉलेजातल्या पोरींनी तो माझ्या नातीला दाखवला होता, मी आडवी झाले त्याच्या तिसऱ्याच दिवशी. म्हणजे दोन शनिवार तिला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून तिनं विचारलं होतं, अजून येती का गं चक्कर.

वडील त्या दिवशी घोड्याची दोरी धरून पुढं चालत राहिले होते, ते मला का बोलले नाहीत हे आत्ता समजलं. बोलले असते तर मी रडून मोकळी झाले असते.

मी सांगितलं तिला सगळं. मेंढरांमुळं म्हणून सांगितलं. वस्तू चांगली आहे म्हणूनही सांगितलं. सांगताना माझे हात लोकरीत होते आणि कुसळं बोटांत शिरत होती, ती मी काढली नाहीत. शेवटी म्हणाले, उद्याच गिऱ्हाईक आणते, तीन काय, सगळी वीक. हेही सोंगच होतं म्हणा. सगळी वीक म्हटलं की पोर नको म्हणेल, हा हिशेब माझ्या जिभेनं माझ्या आधी केला होता. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं, आणि मी तो शब्द मागं घेतला.

पुढं काय झालं ते सांगून टाकते. तिनं चार महिने थांबून, नव्या विणीतले नर मोठे झाल्यावर तेवढेच विकले. मेंढ्या एकीलाही हात लावला नाही. डबा आला. माझी बाज पडवीतून ओसरीच्या कोपऱ्यात गेली. ती नसताना मी त्या डब्याला हात लावत नाही. आता खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय, म्हणून सांगते, दोनदा लावला. माळ बघून ठेवून दिला.

घ्यायला जाताना तिनं वर्गातल्या एका मैत्रिणीला पारखीला नेलं. त्या मुलीनं डबा उलटासुलटा करून बघितला, पट्टा ओढला, काचेवर बोट फिरवलं आणि म्हणाली, घे. मी मागं खुर्चीवर बसले होते, पिशवी मांडीवर घेऊन. दुकानदारानं ओळखलं, खेळता का म्हणून विचारलं. मी नको म्हणाले.

कारण त्या सकाळी, कुसळं काढून झाल्यावर, ती उठली होती, मेंढीच्या पाठीवर थाप मारून तिला लिंबाखाली हाकललं होतं, आणि माझ्या बोटातलं एक कुसळ आपल्या नखांनी ओढून काढत म्हणाली होती:

"आज्जी, हितनं पुढं पारखीला मी दुसरं माणूस नेईन. तू नुसती संगं ये."