देव गेले, कोंबडा राहिला

सकाळी खुराड्याची फळी वर करायची, बाहेर पडणारी एकेक कोंबडी धरायची, पोटाखाली बोटांनी चाचपायची आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं जाहीर करायचं, "हिचं हाय आज!" नाहीतर, "हे रिकामी हाय, जा फिर!" अंडं असलेली डालग्याखाली कोंडायची, नाहीतर ती शेजाऱ्याच्या कडब्यात अंडं घालून यायची. रिकामी उकिरड्यावर मोकळी. सिंदी मेघेतल्या माझ्या शेजारणीचा हा रोजचा पहिला उद्योग. आम्ही तिला मावशी म्हणायचो. तिच्या माझ्या अंगणांच्या मध्ये नुसतं कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचं कूड. मी शाळेत मास्तरीण. पण पोरींच्या हजेरीआधी मला कोंबड्यांची हजेरी कळायची.

मावशीला बसलेली मी क्वचितच पाहिली. भाकरसुद्धा हातावर घेऊन फिरत फिरत खायची. "मावशी, बूड टेक ना वं जरा," म्हटलं की म्हणायची, "मी बसतो वं, पन ह्या कोंबड्या बसू देतीन तवा!" कोंबड्या बिचाऱ्या निंबाखाली धुळीत पंख पसरून सुस्त पडलेल्या, आणि हीच काठी घेऊन मुंगूस हुडकत त्यांच्याभोवती घिरट्या घालायची.

घरात ती आणि नात. लेक बाळंतपणात गेली, जावयानं दुसरं घर केलं, आणि पोर हिच्या पदरात आली. एका उन्हाळ्यात पोरीला मुदतीचा ताप आला. पार हातची जाते की काय असं झालं, तेव्हा मावशीनं मातामायला नवस बोलला, "पोरगी उठू दे, कोंबडं देतो." एक तांबडा ऐटबाज कोंबडा त्यासाठी वेगळा ठेवला. पोरगी उठली. कोंबडा दसऱ्याला द्यायचा ठरला.

पण त्या दसऱ्याला आमची अख्खी वस्ती पांढरी लुगडी, पांढरे सदरे घालून नागपूरला गेली. धम्माची दीक्षा घेऊन परत आलो ते वेगळेच होऊन. घराघरांतले देव टोपल्यांत भरले, बैलबंड्या जुंपल्या आणि पवनारला धामच्या डोहात सोडून आलो. वस्तीच्या टोकाला पारावर मातामायचा शेंदरी दगड होता, तोही उपटून नेला. मावशीनं आपले देव आपल्या हातानं सोडले, अगदी हसत. घरी परतलो तर अंगणात तो कोंबडा उभा. मावशीचं हसू तिथंच विरलं.

"बाई वं!" ती म्हणाली, "देव गेले, आन त्याईचं कोंबडं राह्यलं ना माह्यापाशी!"

आम्ही तेव्हा नव्या दमाचे. आमचे हे म्हणाले, "त्यात काय मावशी, कापा आन रस्सा करा. मी येतो जेवाले." ती अशी खवळली! "पोरीच्या जिवाच्या बदल्यात बोललेलं कोंबडं हाय ते. तुमच्या घशाखाली उतरन का?" विकावं, तर घेणाऱ्याच्या घरी पीडा जाईल. पुन्हा मातामायच्या नावानं कापावं, तर देवदेवी मानणार नाही असं नागपूरला हात जोडून कबूल केलेलं. "दोन्हीकडं जबान देऊन बसली मी, बाई. आता कोनती मोडू, सांग."

कापसाची वेचणी लागली. कोंबड्यांनी पिसं टाकायला घेतली, अंडी आटली. ते दरवर्षीचंच, पण मावशीला त्यातही मातामायचा राग दिसायला लागला. पोरगी नुसती शिंकली की हिची नजर कोंबड्याकडं. रात्रीतून उठून पोरीच्या नाकाशी हात धरून बघायची. आणि मग पोरीला खरंच ताप भरला.

दुपारी मी शाळेतून येते तर मावशी कोंबडा काखेत मारून, कमरेला विळा खोचून तरातरा चाललेली. मी तशीच मागं धावले. पारावर दगडाच्या जागी खळगा उरला होता, त्यात निंबाचा पाला साचलेला. मला वाटलं, आता ही रडते. ती भांडायलाच लागली.

"हाय का तू? हाय तं बोल! नाईस ना? मंग कोनाले देऊ याले? खड्ड्याले?"

कोंबड्यानं काखेतून मान काढून इकडंतिकडं पाहिलं. मला तिची दयाही आली आणि संतापही.

"मावशी, पोरगी घरी तापानं फणफणून राह्यली, आन तू खड्ड्यासंग भांडतं? दवाखान्यात चाल."

"आन हे?"

"घे संगं!"

असा तो कोंबडा वर्ध्याच्या दवाखान्यात जाऊन आला. कंपाउंडर ओरडला, तरी मावशीनं त्याला काखेतून सोडला नाही. डॉक्टर म्हणाले, हिवताप आहे. कडू गोळ्या दिल्या, आणि पोरगी हळूहळू हिंडूफिरू लागली.

आता तरी ही सुटली, असं तुम्हांलाही वाटलं असेल. पण मावशीनं नवंच काढलं. कोंबडा कापला नाही तरी पोरगी जगली. म्हणजे कोंबडा आहे तोवर पोरगी आहे!

"मावशी, मातामाय नदीत सोडली आन कोंबड्याले देव केलं का वं?"

"देव नाई वं. पन राहू दे ना."

राहिला. रात्री तिच्या उशाशी डालग्याखाली, दिवसा तिच्या पायांत. पुढं एक डोळा गेला, तुरा लोंबला, कोंबड्या त्याला विचारीनात. मावशी त्याला भिजवलेली ज्वारी हातानं चारायची. कोंबडा म्हातारा होतो, हे आमच्या वस्तीनं पहिल्यांदाच पाहिलं. तोवर कोणाच्या घरी त्याला तेवढी सवड मिळाली नव्हती. आम्ही हसायचो, पण तो मलूल दिसला की मावशीचा चेहरा पांढरा पडायचा, आणि मग हसू यायचं नाही.

मावशी जाऊन बरीच वर्षं झाली. कूड गेलं, भिंत आली. मला ती आठवते ती माझ्या वर्गाच्या दारात. दसऱ्याच्या आसपासचेच दिवस होते. तिची नात उभी राहून पाढा सांगत होती आणि बाकीच्या पोरी मागून म्हणत होत्या. दारात मावशी आली. अनवाणी, पदर पडलेला, धाप लागलेली. मी विचारलं, "काय झालं वं?" ती माझ्याकडं बघेचना. नुसती नातीच्या तोंडाकडं बघत राहिली.

"कोंबडं मेलं, बाई," ती म्हणाली. "सकाळीच मेलं. आन पोरगी पाह्य... हे तं बोलूनच राह्यली!"

आजीला बघून पोरगी अडखळली. मी हातानंच तिला खुणावलं, थांबू नको, पुढं म्हण.