तीन नंबरची खाट वाजली

भुताखेताला मी कधी मानलं नाय. सारा जन्म कशेडी घाटाखालच्या वाडीत गेला. बायका सांगायच्या, पिंपळाखाली अमुक दिसतं, ओढ्यात तमुक दिसतं... मला बिडीशिवाय कधी काय पेटलेलं दिसलं नाय. शिकलो चौथी. झालं तसं लिहितो.

वाडीत नुकते मोबाईल आले होते तेव्हाची गोष्ट. महाडात एक खाजगी दवाखाना, नाव कशाला लिहू. यमुना, माझी बायको, तिथंच गेली — तीन नंबरच्या खाटेवर. वर्षाच्या आत मी छाती धरून त्याच खोलीत, पाच नंबरला. छातीला चिमटे, चिमट्यांची पेटी उशाला, आणि पेटीतले ठोके वायरीशिवाय सिस्टरच्या टेबलावरच्या स्क्रीनवर. चिमटे काढले की तिथं बोंब.

आधी एकाचे ठोके दुसऱ्याच्या नावावर दिसायचे. म्हणून त्या सकाळी मुंबईचा मशीनवाला आला. एकेका पेटीला त्याने कोड घातला. म्हणाला, "आता कोड जुळल्याशिवाय स्क्रीन कुठल्याच पेटीचं ऐकणार नाही. कुलूपच समजा." तीन नंबरची पेटी बिघडलेली. तिला कोड दिलाच नाय, बॅटरी काढून कपाटात टाकली.

दुपारी मला तल्लफ आली. चिकटून चार नंबरला दासगावचे हसनमियाँ, ट्रक चालवायचे. पाय मोडलेला, काळीज ठणठणीत. म्हटलं, "मियाँ, पाच मिनिटं माझे चिमटे लावून घ्या."

"धोंडू, मरशील रे."

"मेलो तर यमुनेकडंच जाईन. दुसरीकडं कुठं जातोय."

"बिडी ओढून गेलास तर भाभी घेईल आत?"

पण लावून घेतले. मी मागच्या दाराने फणसाखाली. बिडी ओठात, काडी ओढली... आणि आत बोंब सुरू. वाटलं, मियाँनी चिमटा पाडला.

मियाँचे ठोके झकास चालले होते. स्क्रीनवर लाल अक्षरात होतं — खाट तीन. सिस्टर धावली. खाट रिकामी, गादी गुंडाळलेली. पण ती खाट खिडकीशी. खिडकीसमोर फणस, फणसाखाली मी.

"आजोबा, टाका ती बिडी. आत या आधी."

दंडाला धरून आणलं. खाटेवर टेकलो आणि छातीवर कुणी जातं ठेवल्यासारखं झालं. बोंब ऐकून डॉक्टर खोलीत आले होते म्हणून वाचलो. नंतर म्हणाले, "बाहेर असतात तर फणसाखालीच राहिला असतात."

मशीनवाला वीर स्टेशनात गाडीची वाट बघत होता, त्याला रिक्षाने परत आणला. कपाट उघडलं. पेटी तशीच, बॅटरी नाय. स्क्रीनमध्ये तीनचा कोड नाय. घाम पुसत म्हणाला, "हे होऊच शकत नाही. कोड मी घातल्याशिवाय आत कोण येणार?"

मी म्हटलं, "साहेब, बेचाळीस वर्षं यमुनेपासून बिडीचं बंडल लपवलं. भाताच्या कणगीत, कौलाखाली, पेंढ्यात. शोधायला तिला कधी कुणाला विचारावं लागलं नाय."

मियाँ म्हणाले, "भाभी येऊन गेली, धोंडू. माझ्या पायाची साधी चौकशी केली नाय."

मशीनवाल्याने सगळे कोड बदलले नि गेला.

बिडी सोडली. सांजच्याला पडवीत एक नुसती ओठात धरतो, काडी हातात. कुठं काय वाजतंय का ऐकतो. अजून नाय वाजलं. काडी ओढल्याबिगर वाजायचं नाय, ते पण ठाऊक हाय.