अभिप्रायाची वही

आमचे हे मास्तर होते आणि मोठ्या माणसांची घरं बघण्याचं त्यांना वेड होतं. कुणा कवीची खोली, कुणा पुढाऱ्याचं जन्मघर, नाहीतर लोणाडची लेणी, वसईचा किल्ला. रविवार आला की पिशवीत भाकऱ्या आणि पाण्याची बाटली घालून निघायचं. मी सोबत असायचेच, पण बाहेर. एके ठिकाणी त्यांची नवी चप्पल चोरीला गेली, तेव्हापासून दारात बसून चपला सांभाळायची ड्युटी माझ्याकडे आली. पुढे तीस वर्षं ती कुणी बदलली नाही.

"मी पन येते की आत," असं एकदा म्हणून पाहिलं होतं.

"आनि चपला कोन बघंल?" हे म्हणाले. "तुला त्यातलं काय कळनार हाय? बस हितं, धा मिंटांत येतो."

दहा मिनिटांचा तास व्हायचा.

सगळ्यांत जास्त वेळा आम्ही गेलो ते भिवंडीतल्याच एका कवीच्या घरी. आमच्या राहनाळहून रिक्षाने जवळच, पण गोडाऊनचे कंटेनर आडवे आले की दुपार तिथेच जायची. दोन खोल्यांचं घर, दोन्ही अंगांना लूमची खटखट. मी समोरच्या सुताच्या दुकानाच्या पायरीवर बसायचे. हे बाहेर यायचे तेव्हा डोळे लाल झालेले असायचे. स्वतःची आई गेली तेव्हा या माणसाने टिपूस गाळलं नव्हतं.

"काय झालं?"

"काय न्हाय. वहीत अभिप्राय लिवला."

"काय लिवलंत?"

"तुला काय करायचंय?"

घरात त्यांचं बोलणं मोजकं. वाढ, पुरे, दिवा घालव. मी सातवी शिकलेली, माझ्याशी ते काय बोलणार, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. पण मनात पक्कं होतं की या माणसाचं काळीज कुठेतरी आहे आणि ते त्या वहीत आहे.

मागच्या वर्षी हे गेले. त्यांच्या कपाटातली पुस्तकं मी एकेक करून वाचायला लागले. सगळं कळलं नाही, पण त्यांना वाटायचं त्यापेक्षा बरंच कळलं. आणि मग ती वही बघायची भूकच लागली. त्यात माझ्याबद्दल एखादी ओळ असेल, असं वाटायचं. बायको सोबत आहे, बाहेर उन्हात बसली आहे, एवढी जरी असती तरी मला पुरली असती.

म्हणून परवा एकटी गेले. घर सांभाळणारी बाई झाडत होती. मी चपला दारात काढल्या आणि पहिल्यांदा तो उंबरा ओलांडला. कवीचा चष्मा, दौत, एक मोडकी खुर्ची. एवढंच होतं. यासाठी मी तीस वर्षं पायरी झिजवली होती. मी बाईला अभिप्रायाच्या जुन्या वह्यांचं विचारलं.

"जुन्या वह्या पेटीत हायेत, काकी," ती म्हणाली. "हितं बसून बघा, पन घरी न्यायला मिलनार न्हाय."

वहीत रकाने आखलेले. नाव, गाव, किती जण, अभिप्राय. त्यांचं अक्षर मी लांबूनच ओळखलं. तेवढ्यात वीज गेली, शेजारचे लूम थांबले. खिडकीपाशी सरकून मी वाचलं.

"या उंबऱ्यावर बसून त्या माऊलीने कवींची वाट पाहिली. जग कवींना पाहत राहिले, तिला कोणी आत बोलावले नाही. तिच्या आठवणीने डोळे भरून आले."

कवीच्या बायकोबद्दल होतं ते. मी पुन्हा वाचलं. मग रकाना पाहिला. किती जण: एक.

दुसरी वही काढली, तिसरी काढली. प्रत्येक वर्षी त्या माऊलीसाठी नवे शब्द, एकाहून एक सुंदर. आणि प्रत्येक वर्षी रकान्यात एक. हे ती ओळ लिहीत होते, तेव्हा मी वीस पावलांवर त्यांच्या चपला मांडीजवळ घेऊन बसले होते. मला राग यायला हवा होता. राग आलाच नाही, आतून सगळं रितं होत गेलं. ते काही खोटं लिहिणारे नव्हते. त्यांच्या लेखी ते खरोखरच एकटे आले होते.

मी पिशवीतून पेन काढलं. निदान एका ठिकाणी तरी एकाचे दोन करावेत, म्हणून.

"अवं काकी, जुन्या नोंदीला हात लावू नका," बाई धावत आली. "ते रेकॉर्ड हाय. तुमाला लिवायचं आसंल तर ही नवी वही घ्या."

तिचं काही चुकलं नव्हतं. झालेलं झालं तसंच राहायला हवं, याच धाकावर तर अशी घरं टिकतात. मी नवी वही ओढली. नाव लिहिलं, गाव लिहिलं. अभिप्राय कोरा ठेवला.

किती जण, या रकान्यापाशी हात थांबला. मग मी एक लिहिलं. या खेपेला ते खरं होतं.

बाहेर आले तर दारात माझ्या चपला होत्या. बघायला कुणी नव्हतं, तरी कुणी नेल्या नव्हत्या.