शेवटचा हात कोणाचा?

काय सांगू, मामाच्या दहाव्याला मी असे दिवे लावले की केळव्यात अजून नाव निघतं! हसा तुम्ही खुशाल. मला काही अजून हसू येत नाही.

आधी मामाचं सांगतो. माझी सगळी शाळा केळव्याला त्याच्याच घरी झाली. म्हातारपणी तो फोन करायचा, "सुरेश, नारळ उतरवलेत, येऊन जा." मी म्हणायचो, "या रविवारी नक्की!" आमच्या सरावलीहून केळवं लांब आहे का? गाडीने तासाभराची वाट. पण असे चार रविवार गेले आणि पाचव्याच्या आत मामाच गेला. त्या दिवशी मी कारखान्यात ड्यूटीवर, फोन लॉकरमध्ये. निरोप मिळेपर्यंत सगळं आटपलं होतं.

म्हणजे उरला फक्त दहावा. निदान पिंड ठेवताना तरी समोर हात जोडून उभं राहायचं, एवढंच माझ्या हातात होतं.

सकाळी बायकोला घेऊन निघालो. बोईसरला पेट्रोल भरलं. पंपावर मी नेहमी खाली उतरतो, टाकीही स्वतःच उघडतो. आपला कुणावर विश्वास नाही! तेवढ्यात मामीचा फोन.

"निघालास काय रे?"

"पोचलोच, मामी!"

उमरोळी मागे पडली आणि समोर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. इंजिनाचं चित्र!

आता चारचौघं काय करतील? गाडी चालतेय ना, मग चला! पण मी पडलो बावीस वर्षांचा कंट्रोल रूमवाला. आमच्यात अलार्म आला की आधी थांबायचं, आणि मग पहिला प्रश्न एकच: शेवटचा हात कोणाचा लागला?

"पंपवाल्याचा!" गाडी कडेला घेत मी ओरडलो. "पेट्रोलात पाणी घातलंय!"

"अहो, छान चालत होती. आधी केळवं गाठू या ना," बायको म्हणाली.

"आणि वाटेत बंद पडली म्हणजे?"

"ती आत्ता तुम्हीच बंद केलीत."

समोरच गॅरेज होतं. पेट्रोल भरल्यावर दिवा लागला, हे ऐकताच मेकॅनिक सरळ गाडीच्या मागे निघाला. मी त्याचा दंड धरून पुढे आणला.

"इंजन आगे है, भाई!"

"साब, एक मिनट पीछे देखने दो."

"पहले बॉनेट!"

बिचाऱ्याने उघडलं. मी उभा राहून त्याला एकेक तपासायला लावलं. प्लग झाले, वायरी झाल्या, फिल्टर झाला. मध्येच तो पुन्हा मागे सटकायला बघायचा, मी पुन्हा अडवायचो. अखेर हात पुसत म्हणाला, "साब, इंजन में कुछ नहीं है. आप जाओ."

मला त्याचाच संशय यायला लागला! तेवढ्यात बायकोने घड्याळ पुढे केलं. साडेदहा वाजले होते, आणि विधी दहाचा होता.

गाडीवर भरवसा नव्हता, ती तिथेच टाकून रिक्षा धरली. रिक्षात मात्र मला रडू आवरेना. डोळ्यांपुढे सगळे पाहुणे ताटकळलेले, आणि वर नुसता घिरट्या घालणारा कावळा.

"शिवायचा नाही बघ," मी बायकोला म्हणालो. "मामाचा जीव माझ्यात अडकलाय. मी हात जोडल्याशिवाय कावळा शिवायचा नाही."

ती माझा हात धरून बसली.

पोचलो तेव्हा माणसं किनाऱ्यावरून परत निघाली होती. मामी सुरूच्या झाडाखाली बसलेली.

"मामी, कावळा?"

"तो कवाच शिवला. पान ठेवलं नि आलाच."

"थांबला नाही जरासुद्धा?"

"तुज्यासाठी?" मामीचा आवाज चढलासुद्धा नाही. "चार रविवार थांबले ना रे ते. आता आनी किती थांबायचं?"

मला तोंड वर करवेना. पिंड ठेवले होते त्या जागेला नमस्कार करायला वाकलो, तर शर्टाच्या खिशातून काहीतरी काळं, गोल, टपकन वाळूत पडलं.

बायकोने उचललं. पेट्रोलचा वास आला.

टाकीचं झाकण होतं! मामीचा फोन घेताना मीच खिशात टाकलेलं. टाकी बोईसरपासून उघडी, पेट्रोलची वाफ बाहेर, म्हणून तो दिवा. आणि तो मेकॅनिक बिचारा मागे जाऊन तेच बघणार होता!

"काय गं ते?" मामीने विचारलं.

बायकोने सगळं सांगितलं. मामीने झाकण हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं आणि दहा दिवसांत पहिल्यांदा हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मग ती रडायलाच लागली. आम्हीही रडलो.

परतताना रिक्षात बायकोने हळूच विचारलं, "काय हो, शेवटचा हात कोणाचा लागला म्हणालात?"

मी माझाच हात वर केला. त्या चार रविवारांनाही काही पंपवाल्याचा हात लागला नव्हता.