रिकामा ट्रान्सफॉर्मर

पुण्याहून बंगळुरूला आले तेव्हा कारखान्यांत वीज कुठे वाया जाते ते शोधायचं काम मला मिळालं. जोडीला अण्णा. निपाणीकडचे, जन्म विजेच्या मोटारी वाइंड करण्यात, तारा गुंडाळण्यात गेलेला, निवृत्तीला आलेले. ऑफिसात दिवसभर हिंदी-इंग्रजी चालायचं. मराठी बोलायला मिळायचं ते फक्त त्यांच्याशी, व्हॅनमध्ये. त्यातही निम्मं कन्नड. मला ते अक्का म्हणत.

के. आर. पुरमच्या पलीकडे कपडे शिवण्याचा एक कारखाना होता. तिथली निम्मी मशिनं काढून टाकलेली, तरी दोन्ही ट्रान्सफॉर्मर चालूच. मी मीटर काढला, तर अण्णा म्हणाले, "मीटर ऱ्हाऊ दे. हितं उभ्या ऱ्हावा स्वल्प."

ट्रान्सफॉर्मरच्या खोलीच्या जाळीतून गरम वारा अंगावर येत होता.

"काम काय बी नाही, तरी तापलाय बघा."

मॅनेजरला पटलं. आठवड्याभरात सगळा लोड एकाच ट्रान्सफॉर्मरवर घेतला आणि दुसरा बंद केला. वीज वाचली. मी खूश होते.

डिसेंबरात सकाळी पुन्हा तपासणीला गेलो. जाळीखालच्या कट्ट्यावर शिवणाऱ्या चार-पाच बायका स्वेटर घालून, डबे उघडून बसल्या होत्या. त्यातली एक जण गार पडलेल्या जाळीपाशी हात नेऊन कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटली. वर्षानुवर्षं त्या तिथे शेकत नाश्ता करायच्या, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मी मान खाली घालून फायली चाळू लागले.

अण्णांनी मात्र त्यांना सरळ सांगितलं, की ते आम्हीच बंद केलं. ती बाई भडकली. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, मग मला म्हणाले, "चला. कॉम्प्रेसरची गरम हवा मागं नुसतीच वाया चाललीया."

दोन दिवस खटपट करून त्यांनी पत्र्याचा डक्ट बसवून घेतला आणि ती हवा कट्ट्याकडे वळवली. भडकलेल्या बाईनेच त्यांच्या हातावर डब्यातलं चित्रान्न, लिंबाचा भात, ठेवलं. खाताना अण्णा लाजले होते.

पुढच्या वर्षी ते निवृत्त होऊन गावी गेले. आता सेन्सर लावतात, मी बंगळुरूतच बनशंकरी भागातल्या घरात बसून आलेख बघते. कुठे किती वीज जाते ते अचूक कळतं. कधी तरी मध्येच वाटतं, कुणी तरी म्हणावं, अक्का, हितं उभ्या ऱ्हावा.

रविवारी फोन करते. मोटारींच्या आवाजात त्यांचे कान गेलेत. मी काहीही विचारलं तरी "सरी, सरी" म्हणतात, म्हणजे बरं, बरं. मागच्या खेपेला स्वतःच्या मुलीचाच फोन समजून म्हणाले, "जेवलीस का गं?"

मला त्यांनी कधी अगंतुगं केलं नव्हतं.

"जेवले," मी मोठ्याने म्हणाले. मी कोण ते सांगितलं नाही.